कोठार रस्त्याचं नाव

कारासाझ,
१४ एप्रिल १९२७

प्रिय एजे, माझ्या ताई,

लोकरवाल्याबरोबर पाठवलेला नमदा पोचला, दाबलेल्या लोकरीचा, जाड. झाखारकाकाने तो माझ्या हातातून घेऊन थेट स्वतःच्या गुडघ्यांवर टाकला आणि म्हणाला, "तुझ्या बहिणीला न बघता कळतं बघ, लोहाराचे आधी गुडघे जातात." म्हणजे नमदा गेला. मला दुसरा पाठव.

आता बातमी. मी नगर कमिटीचा चिटणीस झालो. हसू नकोस. वय वीस असलं म्हणून काय झालं? गावात रशियन आणि किरगिझ दोन्ही लिहिणारे आम्ही चौघेच, आणि त्यातल्या दोघांना दुपारनंतर पेन धरता येत नाही. काम असं की झारच्या वेळची रस्त्यांची नावं काढून नवी द्यायची. त्याआधी जुनं नाव कुठून आलं ते शोधून लिहायचं. महिनाभर मी जुनी दप्तरं चाळतोय आणि म्हाताऱ्यांना बोलतं करतोय.

एजे, काय काय निघतंय म्हणून सांगू! जनरल रस्ता ज्याच्या नावाचा, तो जनरल गावात एकदाच आला, जेवायला. जेवण होईपर्यंत नदीच्या उतारावर सतरा जणांना फाशी दिलं, आणि मग सूप गार झालं म्हणून आचाऱ्याच्या थोबाडीत मारली. हे आचाऱ्याच्या मुलानेच सांगितलं. कसाक रस्त्याच्या जागी आपल्या लोकांचे तंबू होते. झारच्या कसाक घोडेस्वारांच्या एका तुकडीने पहाटे घोडे घातले आणि सगळी वस्ती तुडवली. एवढी सरळ मोकळी जागा झाली, की मोजणीदाराने तिथेच दोरी धरली. पोस्ट रस्ता तेवढा निष्पाप. तिथे खरंच पोस्ट आहे.

राहिला आमचा कोठार रस्ता. दप्तरात एकच ओळ आहे: "ऑगस्ट १९१६, कोठारातले कैदी दंगलीत दगावले." आपले बाबा या एका ओळीत संपले. म्हणून मी प्रस्ताव मांडलाय, की या रस्त्याला झाखार गोर्देयेवचं नाव द्यावं. एकोणीस साली त्याने लाल तुकडी चालवली हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या दिवशी, लोक माणसं मारत होते तेव्हा, एका नऊ वर्षांच्या किरगिझ पोराला एप्रनखाली घेऊन बाहेर काढणारा आणि पुढे घरी वाढवणारा तोच होता. मला अजून त्या चामड्याचा आणि कोळशाचा वास आठवतो. अध्यक्ष व्हेत्रोव म्हणाले, "पुरावा काय?" मी म्हटलं, "समोर उभा आहे." सगळे हसले. ऑगस्टअखेर सभा आहे.

तू आईबरोबर आधीच खिंडीपलीकडे चीनमध्ये गेली होतीस, तेव्हा तुला त्या दिवसाचं माहीत नसणार. पण कोठार बांधण्याआधी त्या जागेला आपले लोक काय म्हणत, ते लिही.

तुझा ओसमोन

*

उचतुर्फान,
९ जून १९२७

माझ्या शिंगरा,

जागेला काही नाव नव्हतं. तिथे वाळुंजाची झाडं होती आणि त्यांच्या सावलीत मेंढ्या बसत. नाव लागतं ते कुणी काही हिसकावलं की.

तुझं पत्र आलं त्या दिवशी माझ्या हातून शेवयांचं उकळतं पातेलं पडलं. पाय भाजला. नवरा विचारत राहिला, भाऊ मेला का? मी म्हटलं, नाही, चांगला आहे, मोठा साहेब झाला.

मी तुझ्याशी खोटं बोलले, ओसमोन. मी त्या दिवशी खिंडीपलीकडे नव्हते. मी तिथेच होते.

झारविरुद्ध उठाव पेटला तेव्हा रशियन अंमलदारांनी आपल्या पुरुषांना बोलावलं, बंदुका द्या आणि अभयपत्र न्या म्हणून. बाबा बंदूक घेऊन गेले आणि तू हट्टाने त्यांचा पट्टा धरून गेलास. मग कोठाराला कुलूप पडलं. आई तान्ह्या बहिणीला घेऊन नाल्यात लपली होती. मी सतरा वर्षांची. दुसऱ्या सकाळी मी कमरेला भाकरी बांधून आले, कोठाराच्या फटीतून आत सरकवायला. फटीपर्यंत पोचलेच नाही. आधीच गाड्या आल्या. वरच्या रशियन वस्तीतली प्रेतं होती त्यांत, बाया आणि पोरं. आपल्याच लोकांनी मारलेली. हेही खरं आहे, ते मी लपवत नाही. गाड्यांमागून गर्दी आली. मी लोहाराच्या अंगणातल्या बोरूच्या गंजीत शिरले.

ते दोघादोघांना बाहेर काढत होते. दाराच्या उजव्या हाताला तुझा झाखार उभा होता, लोखंडी कड्याचा सोटा घेऊन. प्रत्येकाला पहिला घाव त्याचा. माणूस गुडघ्यावर आला की पुढचे दाताळ्यांनी आणि सोट्यांनी बाकीचं करत. आवाज ओल्या नमद्यावर काठी मारावी तसा. मी कान झाकले तरी तो जमिनीतून येत होता.

बाबा तुझा हात धरून बाहेर आले. त्याच्याकडे बघून काहीतरी बोलले. ओठ हलले एवढंच मला दिसलं. त्याने डाव्या हाताने तुला ओढलं, तुझं तोंड एप्रनमध्ये दाबलं, आणि उजव्या हाताने सोटा घातला. बाबांच्या कानावर. ते पडले तेव्हा तू त्याच्या काखेत होतास. म्हणून तुला कोळशाचा वास आठवतो आणि दुसरं काही नाही.

आता दे त्याचं नाव रस्त्याला.

कलीपा

*

कारासाझ,
२० जुलै १९२७

कलीपा,

तुझं पत्र मी तीन दिवस खिशात घेऊन फिरलो. मला वाटलं, परमुलखात राहून बाईचं डोकं फिरलं. मग काल लोहारसाळेत गेलो. काका एका घोडीला नाल ठोकत होता. तिचा पाय मांडीवर, तोंडात खिळे.

मी विचारलं, "काका, माझ्या बापाला कोणी मारलं?"

त्याने खिळे एकेक करून तोंडातून काढले आणि घोडीचा पाय सावकाश खाली ठेवला. म्हणाला, "मी."

एवढंच. माझ्या हाताशी सांडस होती. मी ती त्याच्या तोंडावर घातली. दोन दात पडले, गाल फाटला. मी पुन्हा मारली, खांद्यावर. त्याने हात वर केला नाही. घोडी बिथरून खुंट्याला ओढ देत होती, तर तो तिलाच म्हणत होता, "उगी, उगी." ते ऐकून माझा हात थांबला. एजे, मला वाटतं हात थांबला नसता तर मी त्याला तिथेच संपवला असता, आणि मला बरं वाटलं असतं.

मग मी घरी गेलो. कुठलं घर? त्याचंच. मला दुसरं नाही. रात्रीचं सूप त्यानेच केलं, सुजल्या तोंडाने. मी ते खाल्लं. भूक लागली होती.

पण आता तुला विचारतो. तू गंजीत होतीस. मला त्याने घरात नेलं ते तू पाहिलंस. दार तुझ्यापासून वीस पावलांवर होतं. म्हणजे मी जिवंत आहे हे तुला ठाऊक होतं. मी दहा वर्षं अनाथ म्हणून वाढलो. गेल्या वर्षी एका परतलेल्या माणसाकडून तुला माझा पत्ता कळला, तेव्हा तू लिहिलंस, "अल्लाची कृपा, मी तर तुला मेलेला समजत होते." तेही खोटं?

ओसमोन

*

उचतुर्फान,
१८ ऑगस्ट १९२७

ओसमोन,

तेही खोटं.

अंधार पडेपर्यंत मी गंजीत होते. खिडकीतून तू दिसलास. त्याने तुझ्यापुढे दूध ठेवलं होतं आणि तू पीत नव्हतास. मी हाक मारली असती तर तू आला असतास. मग आपण दोघं नाल्यापर्यंत गेलो असतो की मधेच सापडलो असतो, ते मला माहीत नाही. मी हाक मारली नाही. पोटावर सरपटत अंगणातून निघाले. हाताखाली जे ओलं लागत होतं त्याकडे बघितलं नाही.

नाल्यात आईने विचारलं, "ओसमोन?" मी म्हटलं, "दोघंही गेले." कारण मी खरं सांगितलं असतं तर ती तान्हीला माझ्या हातात देऊन परत फिरली असती. तुझ्यासाठी ती त्या सोट्यांत शिरली असती. मला आई हवी होती. मी तोंडाने तुला मारलं.

खिंडीवर मागून मशीनगन लागली. तान्ही आईच्या पाठीवरच गेली, गोळी आईच्या खांद्यातून बाहेर आली. आई दोन दिवस जगली. बर्फात बसून ती तुझ्यासाठी मर्सिया, मेलेल्याचं शोकगीत, म्हणत होती, जिवंत मुलासाठी. मी तरी सांगितलं नाही. आता सांगून काय, असं म्हणत राहिले. मग ती गेली. मी तिला दगडांखाली ठेवलं आणि तिचे बूट काढून घेतले, कारण माझे फाटले होते.

हे माझं. तुला सांडस घ्यायची असेल तर मी लांब आहे.

एकच कर. त्याला विचार, बाबा काय बोलले. अकरा वर्षं मी ते हलणारे ओठ बघतेय. तो सांगणार नाही, पण विचार.

कलीपा

*

कारासाझ,
२५ सप्टेंबर १९२७

कलीपा शादिबेकोव्हना,

मी झाखार गोर्देयेव, लोहार. तुमची लिपी मला येत नाही. तातार मास्तरांना सांगून लिहवतो आहे. ते मधेच थांबतात, मी म्हणतो लिहा. तुमच्या भावाचा उजवा हात मोडला आहे आणि तीन बरगड्या, म्हणून त्याच्या जागी मी.

सभा झाली. दोनशे माणूस. अध्यक्षांनी माझं नाव वाचलं, टाळ्या पडल्या. ओसमोन उभा राहिला आणि म्हणाला, "प्रस्ताव माझा होता, मी मागे घेतो. या माणसाने माझ्या बापाला मारलं." मग गोंधळ. कोणी ओरडलं, "बस खाली, मेंढपाळा! त्याच्याच भाकरीवर पोसलास!" कोणी म्हणालं, पोराला चढली आहे. सगळे माझ्याकडे बघायला लागले, मी नाही म्हणावं म्हणून. अध्यक्ष हळूच म्हणाले, "झाखार लुकिच, एक शब्द बोला आणि मिटवा."

मी उठलो आणि म्हणालो, खरं आहे. साठ सोट्यांना लोखंडी कडी मी माझ्या ऐरणीवर बसवली, एका सकाळीत. माझी बहीण आणि तिची दोन पोरं त्या गाडीवर होती. पण ज्यांना मी मारलं त्यांनी त्यांना मारलं नव्हतं. ते आदल्या दिवसापासून कुलुपात होते. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. एकेचाळीस माणसांना पहिला घाव माझा. मी मोजत होतो. का, ते विचारू नका. मग माझा दंड चढेना, म्हणून माझ्या जागी दुसरा उभा राहिला. तो येफीम, तिथे तिसऱ्या बाकावर बसला आहे. आणि त्रिफोन, दाताळं तुझं होतं. आणखी पाच नावं मी घेतली. मेलेल्यांची नाही, जिवंतांचीच.

घरी येताना पुलाजवळ चौघे आडवे आले. तोंडं बांधलेली. पण मी त्यांच्या घोड्यांना नाल मारतो, माणसाची चाल मला कळते. त्यांना मी हवा होतो. तुमच्या भावाने मधे हात घातला. का घातला ते मला समजलं नाही. तो स्वतः म्हणतो त्यालाही समजलं नाही.

तुमचा प्रश्न त्याने मला वाचून दाखवला. तुमचे वडील म्हणाले, "नऊ वर्षांचा आहे." एवढंच. आम्ही एकमेकांना ओळखत होतो, त्यांच्या घोड्यांचं काम मीच करायचो. त्यांनी मला माफ केलं, किंवा माझ्यावर विश्वास टाकला, असं लोक तुम्हाला सांगायला येतील. तसं काही नव्हतं. त्यांनी पोराचं वय सांगितलं. मला पोराला घेता आलं, म्हणजे सोटा खालीही टाकता आला असता. पण बाजूला माणसं उभी होती आणि ती माझ्याकडे बघत होती.

मी माफी मागत नाही. तुम्ही विचारलंत, म्हणून लिहिलं.

झाखार गोर्देयेव

*

कारासाझ,
१७ नोव्हेंबर १९२७

एजे,

अक्षर वाईट आहे. डाव्या हाताने लिहितो. उजवा जुळला, पण वाकडा.

काका गेला. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात. मी दवाखान्यात पट्टी बदलायला गेलो होतो. परत आलो तर लोहारसाळेचं दार उघडं, भाता अजून गरम, आणि तो ऐरणीला टेकून बसलेला. डोक्याची डावी बाजू नव्हतीच. भिंतीवर छतापर्यंत उडालं होतं. सोटा तिथेच टाकून गेले होते, लोखंडी कड्याचा. कडं त्याच्याच हातचं, जोड मी ओळखतो. अकरा वर्षं कुणीतरी तो घरात जपून ठेवला होता.

या वेळी त्याने हात वर केला होता. दोन्ही मनगटं मोडलेली होती. मला तेच सारखं दिसतं.

येफीम आणि त्रिफोनला पकडलं. येफीम चौकात ओरडत होता, "आम्हीच का? त्याला तर तुम्ही रस्ता देणार होतात!" बाकीचे मोकळे फिरतात. मला बघून टोपी काढतात. पूर्वी काढत नसत.

त्याला न्यायला कोणी येईना. रशियन म्हणत, त्याने आपल्या माणसांची नावं घेतली. आपले म्हणत, त्याने आपली माणसं मारली. शेवटी मी, तातार मास्तर आणि शेजारचा खरबूजवाला दुंगान, म्हणजे चिनी मुसलमान, अशा तिघांनी शवपेटी उचलली. चौथा खांदा मिळेना, म्हणून मागची बाजू मी एकट्याने धरली, मोडक्या हाताने. माती टाकताना मी रडलो, एजे. पाण्यासारखा. बाबांसाठी मी कधी असा रडलो नव्हतो. मला त्यांचा चेहराही नीट आठवत नाही. हा चेहरा मात्र रोज समोर होता, अकरा वर्षं. मी हे तुझ्यापासून लपवलं असतं तर चाललं असतं. पण आपल्या घरात लपवून पुरे झालं.

कमिटीने रस्त्याला 'एक मे' नाव दिलं. निळी पाटी लागली. मी त्या कागदावर सही केली नाही, आणि आता चिटणीस नाही. लोहारसाळ चालवतो, जमेल तशी. पण ते नाव कुणी घेत नाही. सभेनंतर आठवड्याभरातच गाडीवाले म्हणायला लागले, "कीर्क बीरला सोड", एकेचाळीसला सोड. आता रशियन बायाही तसंच म्हणतात. परवा एका परक्या माणसाने दुंगानला विचारलं, हे कसलं नाव? तो म्हणाला, "एकेचाळीस घरं असतील." मी बाहेर जाऊन त्या माणसाला थांबवलं आणि सगळं सांगितलं. त्याला घाई होती. तरी सांगितलं.

आईला तू जे म्हणालीस त्याबद्दल माफ केलं असं लिहायला मी दोनदा बसलो. लिहिलं जात नाही. माफ केलेलं नाही. तरी तू ये.

ओसमोन

*

उचतुर्फान,
२ एप्रिल १९२८

ओसमोन,

खिंड बंद होती. तुझं पत्र मला मार्चमध्ये मिळालं. वाचलं आणि चुलीत टाकलं. मग चिमट्याने बाहेर काढलं. कडा जळल्या, मजकूर राहिला.

तू त्याला खांदा दिलास. बाबांना कबर नाही. आई दगडांखाली आहे, तान्हीला मी नीट झाकलंही नव्हतं. आणि त्याला पेटी मिळाली, माती मिळाली, रडायला मुलगा मिळाला. हे वाचून मी अंगणात जाऊन नमद्याची काठी घेतली आणि लोकर बडवत राहिले. तळहात फुटले. नवरा बाहेर येऊन शेजारी बसला. चांगला माणूस आहे.

मग बसून तुझं सगळं पुन्हा वाचलं. त्याचंही वाचलं. "नऊ वर्षांचा आहे." बाबांचा आवाज आला त्यात, दलालासमोर मेंढीचं वय सांगायचे तसा, सरळ. मी अकरा वर्षं समजत होते, ते माझं नाव घेत असतील. त्यांना वाटलं असेल मी गंजीत आहे, मला हाक मारत असतील, आणि मी गेले नाही. ते मला बोलावत नव्हते. त्याने एवढं खोटं सांगितलं असतं तरी मला कळलं नसतं. सांगितलं नाही, यासाठी मी त्याचं काही देणं लागत नाही. पण रात्री झोप लागते आता.

माझ्या डोक्यात छत्तीस जणांची नावं आहेत, आपल्या वस्तीतल्या पुरुषांची. बापांच्या नावासकट. ती मी तुला तोंडी सांगेन, तू लिही. बाकीच्यांसाठी दुसऱ्या वस्तीच्या म्हाताऱ्या शोधू. एकेचाळीस म्हणायला सोपं आहे म्हणून लोक म्हणतात. माणसं शहाऐंशी होती.

लोकरवाल्यांबरोबर निघते, मेच्या दुसऱ्या आठवड्यात पोचेन. नवऱ्याने दोन महिन्यांची मुभा दिली आहे, मी परत येईन की नाही ते विचारलं नाही. मला त्याची कबर दाखवू नकोस. माझ्यापुढे त्याला काका म्हणू नकोस, निदान पहिला महिना. आणि मला माफ करायची घाई करू नकोस, मीही तुझ्यावर रागावलेलीच येते आहे.

घर विचारावं लागणार नाही, डोळे मिटून सापडेल. पण तू घोडेबाजारापाशी उभा राहा. तिथून पुढे तो रस्ता माझ्याने एकटीने चालवणार नाही.

कलीपा